बोटाने वाचायची अक्षरं

त्या सकाळी मी वर्गात शिरले आणि शिरल्या शिरल्या मावशींवर डाफरले. डाफरणं ही माझी जुनी सवय, त्यामुळे मावशींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मावशी म्हणजे आमच्या बालवाडीतल्या मदतनीस. खोल्या झाडायच्या, मुलांना शू-शीला न्यायचं, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं आणि मी डाफरले की एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचं, ही सगळी त्यांची कामं.

"हा गुजराती तक्ता कोणी लावून ठेवलाय? आपला कुठाय?" मी विचारलं.

तसं विचारण्यात वेडेपणा काही नव्हता. भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. सकाळी तिथे आमची मराठी बालवाडी भरते आणि दुपारी त्याच खोल्यांत गुजराती शिकवणीचा वर्ग. खिळे तेच, तक्ते वेगळे. रोज सकाळी त्यांचे उतरवून आपले टांगायचे, आणि अधूनमधून त्यांचा एखादा भिंतीवर तसाच राहून जायचा. गुजराती अक्षरं आपल्या अक्षरांच्या चुलत बहिणींसारखी. डोक्यावर रेघ नाही एवढंच. तोंडवळा ओळखीचा वाटतो आणि वाचायला गेलं की अडखळायला होतं. त्या सकाळी भिंतीवरची अक्षरं मला अगदी तशी दिसली.

"काय बोलताव बाई?" मावशी केरसुणी टेकवून म्हणाल्या. मावशी गोडदेव गावातल्या, बोली पक्की गावची. "आपलाच हाय तो. मीच सकाली लावलाय."

मी तक्त्याजवळ गेले. अननस होता, आई होती, इमारत होती. चित्रं सगळी आमचीच. आईच्या नाकावर मागच्या वर्षी कुणीतरी पेनाने काढलेली मिशीसुद्धा जागेवर होती. फक्त चित्रांच्या शेजारी जे होतं ते मला कळेना. वळणं होती, काड्या होत्या, गाठी होत्या. पुसट नव्हती, हलत नव्हती. स्वच्छ दिसत होती आणि त्यांचं काहीच होत नव्हतं.

तेवढ्यात प्रार्थना संपवून मुलं आत आली. आमच्याकडे रोज एक मूल हातात पट्टी घेऊन तक्त्यासमोर उभं राहतं आणि बाकीच्यांकडून म्हणून घेतं. त्या दिवशी पाळी होती एका मुलीची. दोन घट्ट वेण्या, समोरचा दात पडलेला, आवाज मात्र भाजीवालीसारखा. तिने पट्टी ठेवली आणि म्हणाली, "अ अननसाचा!" सगळा वर्ग तिच्यामागून ओरडला. पट्टी पुढे सरकत गेली आणि पाच वर्षांची मुलं माझ्यासमोर खणखणीत वाचत गेली. पट्टीच्या टोकाशी काय आहे ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. एकटी मी सोडून.

मी मनाची समजूत घातली, चष्म्याचा नंबर वाढला असेल, सकाळी काही खाल्लं नाही त्याचं असेल. मावशींनी माझं तोंड बघून गुळाचा खडा आणून दिला. तो चघळत मी फळ्याकडे वळले आणि रोजच्यासारखा वार लिहिला, खाली "आज ऊन आहे" असं वाक्य लिहिलं. हात सरसर चालला. तेव्हा इतका जीव भांड्यात पडला की काय सांगू. म्हटलं, बघ, उगीच घाबरलीस भित्री भागूबाई. मग एका मुलाची चेन लावून दिली, एकीचं नाक पुसलं आणि पुन्हा फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. कुणी लिहिलंय हे, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं.

ते मीच लिहिलं होतं. खुर्चीकडे जाताना उजव्या बाजूला पाय कशावर तरी पडला आणि कोणीतरी किंचाळलं. तीच वेण्यांची मुलगी, तिच्या डब्याचं झाकण चेपलं होतं. "मला दिसली नाहीस गं," मी म्हणाले. "टीचर, मी इथेच तर होते," ती म्हणाली. ती खरंच तिथेच होती. माझ्या उजव्या हाताला, हाताच्या अंतरावर. मान वळवेपर्यंत माझ्या लेखी तिथे कोणीही नव्हतं.

उरलेली सकाळ मी खुर्ची सोडली नाही. गाणी म्हणून घेतली, गोष्ट सांगितली, आणि शाळा सुटताना मुलांना एकेक करून सोडायचं काम मावशींवर टाकलं. घरी जाताना रिक्षातून दुकानांच्या पाट्या बघत गेले. सगळा रस्ता परक्या मुलखातला झाला होता. औषधाच्या दुकानाचं हिरवं चिन्ह दिसलं तेव्हा आमची गल्ली आल्याचं कळलं.

नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. मी चपलाही न काढता वर्तमानपत्र त्यांच्यापुढे धरलं. "अहो, हे वाचा बरं जरा."

"का? तुझा चष्मा कुठाय?"

"डोळ्यावरच आहे."

त्यांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी कागद घेऊन त्यावर माझंच नाव मोठं करून लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मला ते वाचता येईना. त्यांचा चेहरा मला नीट वाचता येत होता, आणि तो इतका उतरला की मला त्यांचीच दया आली. एरवी रिक्षावाल्याशी दहा मिनिटं घासाघीस करणारा हा माणूस त्या दिवशी, "भैया, मीरा रोड, हॉस्पिटल, जल्दी चलो," एवढंच बोलला.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी सांगितलं की मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची बारीक गुठळी अडकली होती. डोळे चांगले आहेत, हात चांगला आहे, बोलणं चांगलं आहे. डोळ्याने पाहिलेलं अक्षर आत जिथे कळतं तिथली वाट तेवढी तुटली आहे. उजव्या बाजूची नजरही त्यातच गेली. लिहिता येईल, वाचता येणार नाही, असं होतं काही जणांना.

"परत येईल का?" मी विचारलं.

"थोडं येतं. कुणाला किती, ते सांगता येत नाही."

"मी शाळेत शिकवते हो. लहान मुलांना अक्षरं शिकवते."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय काय पाळायचं ते नवऱ्याला समजावलं. "पुन्हा" हा शब्द माझ्या कानात अडकून बसला. तोवर मला गेलेल्याची भीती होती. उरलेलंही जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

घरी बसले त्या दिवसांबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही. मला भीती वाटायची, सकाळी उठल्यापासून. दाराची बेल वाजली की वाटायची, कारण कुरियरवाला काहीतरी दाखवून सही मागायचा. सही मी झोकात करायची, कशावर केली ते देवाला ठाऊक. आंघोळीला गेले की वाटायचं, आता बाहेर येईपर्यंत बोलणंसुद्धा गेलेलं असेल, म्हणून मी बाथरूममध्ये मोठ्याने पाढे म्हणायची. शेजारणीने नवऱ्याला विचारलं म्हणे, "भाभी को क्या हुआ, एक्झाम है क्या?" आणि सगळ्यात जास्त भीती शाळेची. आयुष्यात मला स्वयंपाक धड आला नाही, शिवण आलं नाही, चारचौघांत गोड बोलता आलं नाही. एक गोष्ट आली. पेन्सिल मुठीत धरणाऱ्या पोराला महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच्या नावापाशी आणून सोडायची. आता कुठल्या तोंडाने वर्गात उभी राहणार? शाळेतली बाई आणि अक्षरशत्रू!

कपाटाखाली एक पिशवी पडली होती. त्यात आमची खरखरीत अक्षरं होती. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर चिकटवून मीच ती दरवर्षी करते. हार्डवेअरच्या दुकानातून सुतार लाकूड घासायला नेतात तोच तो कागद. अक्षराच्या आकारात कापायचा, चिकटवायचा, आणि मुलाला डोळे मिटायला सांगून त्याचं बोट त्यावरून फिरवायचं. आधी बोटाला कळलं पाहिजे, मग डोळ्याला कळतं, असं मी पालकांना सांगत आले आहे. जे पालक जूनमध्ये येऊन, "अजून वहीत लिखाण का नाही?" म्हणतात त्यांना तर जरा चढ्या आवाजात सांगितलं आहे. काही अक्षरांचे कोपरे सुटले होते म्हणून पिशवी डिंक लावायला घरी आणली होती, ती तशीच राहिली.

एका दुपारी रिकामपणी ती काढली. एक पुठ्ठा हातात घेऊन बघितला. नेहमीसारखंच, वळण, काडी, गाठ. चिडून टाकून देणार होते, पण कोपरा सुटलाय का म्हणून अंगठ्याने चाचपला, आणि मग सवयीने डोळे मिटून बोट फिरवलं. बोट खाली उतरलं, डावीकडे पोट घेऊन वळलं, उजवीकडे शेपूट काढून सुटलं.

"क," मी म्हणाले.

दुसरा घेतला. म. तिसरा. ल. मी रडत होते आणि पुठ्ठे घेत होते. डोळ्यांची वाट बंद होती, पण बोटाची उघडी होती. आनंद झाला का? झाला. पण त्याहून जास्त धडकी भरली. सबंध आयुष्याचं वाचन आता माझ्या एका बोटावर आलं होतं.

मग मी तोच अभ्यास धरला. आधी पुठ्ठे, मग पुस्तकातल्या अक्षरांवरून बोट, मग बोट न टेकवता नुसतं मांडीवर त्याच वळणाने गिरवायचं. डोळा वळणाच्या मागे फिरायचा, बोट मांडीवर तेच लिहायचं आणि लिहून झालं की अक्षर तोंडात यायचं. नवरा संध्याकाळी वर्तमानपत्रातली एक ओळ पुढे ठेवायचे आणि भाजी निवडत बसायचे. त्यांची भाजी संपायची, माझी ओळ संपायची नाही. आठवडे असेच गेले आणि हळूहळू मी मुलांच्या वेगाने वाचायला लागले. मोठ्या शिशूतल्या, दिवाळीच्या आसपासच्या मुलांच्या.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, आजार माहीत होता. त्या भेटायला आल्या तेव्हा सरळ म्हणाल्या, "मला तुम्ही हव्याच आहात. पण वर्ग लहान मुलांचा आहे. वाचता येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले.

"दिसतंय नीट?"

"मान वळवली की दिसतं."

"मग या. पण मी बघणार. जमत नसेल तर मुलांवर प्रयोग करायचा नाही."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि म्हणून जास्त लागलं. दिवाळीनंतर मी जीव मुठीत धरून वर्गात गेले. सगळी मुलं डाव्या बाजूला बसवली. वेण्यांच्या मुलीला अगदी पुढे घेतलं. पदर उजव्या हातावरून घ्यायला लागले आणि पदराखाली माझं बोट दिवसभर मांडीवर चालायचं. मुलं शब्दपट्टी, म्हणजे एकेक शब्द लिहिलेली कागदाची पट्टी, वाचून दाखवत तेव्हा मी आधी बोटाने वाचून घ्यायची आणि मगच "शाब्बास" म्हणायची. वर्ग संथ झाला. कोणी घाईने काही बोललं तर मी बोटाने थांबवायची, कारण माझं वाचून व्हायचं असायचं. रोज शाळा सुटली की मान डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून मुलं मोजायची, आणि पुन्हा मोजायची. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, म्हणण्यापुरतं नाही, खरोखरच.

जानेवारीत मोठ्या बाई वाचन बघायला वर्गात आल्या. हातात शब्दपट्ट्यांचा गठ्ठा. त्यांनी एकेका मुलाला उभं केलं. पहिला मुलगा उठला, पट्टी बघितली, आणि वाचायच्या आधी त्याचं बोट चड्डीवर फिरायला लागलं. मग तो म्हणाला, "कमळ." दुसरी मुलगी उठली. तिचं बोट फ्रॉकवर. "मगर." तिसऱ्याचं बोट पोटावर. एकालाही मी असं करायला शिकवलं नव्हतं. पदर कसला, त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मोठ्या बाईंनी पट्ट्या खाली ठेवल्या.

"हे काय चाललंय सगळ्यांचं?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"असंच वाचतात," वेण्यांची मुलगी समजावून सांगायच्या सुरात म्हणाली. "टीचर पण अश्शीच वाचते."

मोठ्या बाईंनी माझ्या पदराकडे पाहिलं. मी हात बाहेर काढला. लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? मी सांगितलं, डोळ्यांनी अक्षर कळत नाही, बोटाने लिहिलं की कळतं. उशीर लागतो. उजवीकडचं मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मुलं ऐकत होती.

मोठ्या बाई फळ्यापाशी गेल्या, एक शब्द लिहिला आणि बाजूला झाल्या. "वाचा," त्या म्हणाल्या.

मी हात उघडा ठेवला आणि हवेतच बोट फिरवलं. स. ते लगेच आलं. र. पुढचं अडलं. पोट होतं, काडी होती, पण पोटात रेघ होती की नव्हती? व की ब? पुन्हा फिरवलं. रेघ होती. ब. सरब. पुढे काहीच नव्हतं. सरब म्हणजे काय? असा शब्द नसतो. मी पहिल्यापासून सुरू केलं. स, र, ब. वाटलं, आता इथेच दुसरी गुठळी अडकणार, या पोरांसमोर, हातात खडू नसताना.

आणि मग माझ्या लक्षात आलं की वर्गात आवाज नाही. आमचा वर्ग कधी गप्प नसतो. एखाद्याला शब्द अडला की दहाजण एकदम ओरडून त्याचा घास काढून घेतात, आणि त्यावरून मी रोज डाफरते. त्या दिवशी कोणी ओठ हलवत नव्हतं. पुढचा मुलगा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. शब्द त्याच्या तोंडात मावत नव्हता. वेण्यांची मुलगी फळ्याकडे बघत होती, पण मी बघत होते तिथे नाही. तिथून उजवीकडे.

मी मान वळवली. आणखी वळवली. तिथे एक अक्षर होतं. बोट फिरवलं. त.

"सरबत," मी म्हणाले.

सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला. पुढच्या मुलाने तोंडावरचे हात काढले आणि "सरबत, सरबत, सरबत!" असं ओरडून घेतलं.

मोठ्या बाई मुलांकडे वळल्या. "तुम्हाला येत होतं ना रे? मग कोणी सांगितलं का नाही?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"टीचरचं वाचून व्हायचं होतं ना," वेण्यांची मुलगी म्हणाली.

मोठ्या बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि दारात उभ्या असलेल्या मावशींना म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही या वर्गात बसायचं. यांच्या उजव्या बाजूला."